हुकूम वरून, वसुली खालून

पुणे-बंगळूर महामार्गावर वाठारला आत वळलं की वारणानगर आणि कोडोली जवळजवळ एकमेकांना चिकटूनच येतात. बाहेरच्या माणसाला इथं दोन गोष्टी एकदमच दिसतात आणि त्यांचा एकमेकींशी काय संबंध ते लागत नाही: गावाच्या चोहोबाजूंनी ऊस, आणि गावात चर्च. ऊस कसा आला हे पारावरचा कुणीही तासभर सांगेल. चर्च कसं आलं म्हणून विचारलं, तर ‘मिशनवाले आले होते’ एवढ्यावर विषय संपतो.

मिशनवाले आले होते हे खरंच आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, १८७० मध्ये त्यांचं काम प्रेसबिटेरियन मिशनकडं गेलं, आणि पुढं कोडोली हे त्या मिशनचं एक ठाणं झालं. शाळा निघाली, दवाखाना निघाला, चर्च उभं राहिलं. पण मिशनवाले पुष्कळ गावांतून हिंडले, पुष्कळ वेशींवर त्यांनी प्रवचनं केली. सगळीकडं मंडळी जमली नाही. जिथं जमली तिथं ती बहुतेक महारवाड्या-मांगवाड्यातून जमली. ज्या माणसाला गावच्या शाळेच्या ओट्याखाली बसूनही अक्षर मिळत नव्हतं, त्यानं अक्षर देणारी दुसरी शाळा पाहिली आणि मुलाला हात धरून तिथं नेलं. त्याला धर्मांतर म्हणा, लोभ म्हणा, भक्ती म्हणा. कुणी काय म्हणायचं ते आपापल्या सोयीनं म्हटलेलं आहे. मला त्यात एक निर्णय दिसतो, आणि तो साहेबानं घेतलेला नव्हता.

वंचितांच्या चळवळींवरचं हे पुस्तक कोडोलीच्या या कोपऱ्यापासून उघडावं असं मला वाटलं, त्याला कारण आहे. चळवळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मोर्चा येतो, झेंडा येतो, पुढाऱ्याचा फोटो येतो. पण मुलाला वेगळ्या शाळेत घालणं, वतनाचं काम नाकारणं, मेलेलं ढोर ओढायला न जाणं, देवाला सोडलेल्या मुलीची जट कापणं ही कामं मोर्चाच्या आधी होतात आणि मोर्चा पांगल्यावरही चालू राहतात. कोल्हापूर जिल्ह्यात तर हे विसरण्याची सवयच जडली आहे, कारण आपल्याला राजा चांगला मिळाला.

हे वाक्य तिरकं वाटेल, म्हणून उलगडून सांगतो. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले, महार वतनांच्या जमिनी रयतावा केल्या. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून ती मुलं सर्वांच्या शाळांत बसवायला सांगितली. हिंदुस्थानातल्या दुसऱ्या कुठल्या संस्थानात इतक्या थोड्या काळात इतकं झालेलं मला माहीत नाही. पण हुकूम निघणं आणि हुकूम गावात पोचणं यांत फार अंतर असतं. सरकारी सारा जसा कागदावर बसवला तरी गावोगाव हिंडून वसूल करावा लागतो, तसाच हक्कही वसूल करावा लागतो. फरक एवढाच, की साऱ्याची वसुली वरून खाली येते आणि हक्काची खालून वर जाते. या वसुलीला मी चळवळ म्हणतो.

गंगाराम कांबळ्यांची गोष्ट घ्या. कोल्हापुरात ती शाळकरी पोरालाही पाठ असते. गंगाराम दरबाराच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून बरोबरीच्या नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराजांना ते कळलं, त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना हॉटेल काढायला पैसे दिले. लोक तिथं चहा प्यायला जाईनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींच्या हातातही कप देऊ लागले. गोष्ट इथं संपते आणि टाळ्या पडतात.

माझं लक्ष मात्र ‘महाराजांना ते कळलं’ या तीन शब्दांवर अडतं. कसं कळलं? मार खाल्लेला माणूस पाठीवरचे वळ घेऊन धन्यापुढं उभा राहिला म्हणून कळलं. त्या काळात मार खाणारे शेकडो होते. तक्रार करणारा हा एक. त्यानंतर रोज सकाळी दुकानाची फळी उघडायची, पाणी भरायचं, चूल पेटवायची आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचं हे काम राजाचं नव्हतं. महाराजांची फेरी काही रोज नसायची. ज्या दिवशी नसायची, त्या दिवशीही फळी उघडत होती. महाराज ६ मे १९२२ रोजी गेल्यावर त्यांचं पहिलं स्मारक कोल्हापुरात नर्सरी बागेत उभं केलं ते याच गंगारामांनी आणि त्यांच्या समाजातल्या माणसांनी, आपल्या पैशांनी. मोठमोठ्या इनामदारांना ते सुचलं नव्हतं.

वतनाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे आणि आजच्या वाचकाला ते नीट माहीत नसतं. महाराला वतन होतं म्हणजे त्याच्याकडं काहीतरी होतं, अशी समजूत करून घेतली जाते. होतं काय, तर हाडकी-हाडोळ्याची तुटपुंजी जमीन, तीही साऱ्या भाऊकीत वाटलेली. सुगीला खळ्यावर मिळणारं बलुतं. आणि त्याच्या बदल्यात चोवीस तासांची बांधिलकी: सारा तहसिलीत पोचवणं, अंमलदाराचं सामान वाहणं, त्याच्या घोड्यापुढं पळणं, गावची शीव दाखवणं, परगावी मयताचा सांगावा घेऊन जाणं, मेलेलं जनावर ओढणं. घरातला एकजण आजारी पडला तर दुसऱ्यानं जायचं. नकार दिला की बलुतं बंद. पोटाला आणि मानेला एकाच दाव्यानं बांधायची ही युक्ती होती, आणि म्हणूनच वतन सोडा म्हणणाऱ्यांना खुद्द वतनदारांतूनच विरोध झाला. आहे ती फाटकी भाकर तरी का घालवायची, हा प्रश्न खोटा नव्हता.

कोल्हापूर संस्थानात हा फास १९१८ मध्ये सैल झाला. संस्थानाबाहेर, मुंबई इलाख्यात, डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. पुढं ते मागं घ्यावं लागलं. तिथं गावकामगार वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. एका नदीच्या दोन काठांवरच्या गावांत, केवळ हद्द वेगळी म्हणून, माणसांच्या चार दशकांचा फरक पडू शकत होता. आणि कायदा होऊनही मामला मिटला नाहीच. जमीन परत मिळवायला रक्कम भरायची, ती भरली तर नवीन शर्तीनं मिळणार, विकायची किंवा बदलायची तर पुन्हा परवानगी आणि नजराणा. आजही राज्यातल्या कित्येक सातबाऱ्यांवर महार वतनाचा शेरा असतो, आणि तो शेरा कुणाच्या फायद्याचा ठरला हे शहरांलगतच्या जमिनींचे व्यवहार ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे.

हुकूम आणि वसुली ही दोन्ही टोकं एका मांडवात आली ती माणगावला. हातकणंगले तालुक्यातल्या या गावात २१ आणि २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली. माणगावच्या आप्पासाहेब पाटलांनी त्यात पुढाकार घेतला. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर. त्याच वर्षी ३१ जानेवारीला त्यांचं ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झालं होतं आणि त्याला महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी महाराज स्वतः आले. आता तुमचा पुढारी मी नाही, हा आहे, अशा अर्थाचं ते तिथं बोलले. सत्ताधाऱ्यानं चळवळीला आशीर्वाद देणं नवं नाही. तिचा पुढारी तिनंच निवडावा आणि तो आपल्या हाताखालचा नसावा, हे मान्य करणं दुर्मीळ. माणगावची आठवण दरवर्षी निघते. त्या मांडवात गावोगावहून पायी आलेली माणसं कोण होती, परत गेल्यावर गावात त्यांचं काय झालं, याची आठवण निघत नाही, कारण ती कुणी लिहून ठेवली नाही.

सत्यशोधकांबद्दलही इथं बोललं पाहिजे, आणि थोडं कडवट बोललं पाहिजे. जोतीराव फुल्यांनी पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी सुरू केलेला समाज कोल्हापुरात १९११ मध्ये नव्यानं उभा राहिला. भटाविना लग्नं लागली, जलसे गावोगाव फिरले, शेतकऱ्याच्या पोराला आपण कुणाहून कमी नाही हे कळलं. त्यातूनच पुढं ब्राह्मणेतर पक्ष झाला आणि पक्षातून सत्ता आली. दोन पिढ्यांत ज्यांच्या आज्याला सावकाराच्या ओसरीवर बसायची चोरी होती, त्यांच्या हातात बँका आल्या, बाजार समित्या आल्या, कारखाने आले. हे सामाजिक परिवर्तन आहे आणि मोठं आहे. पण या वाटेवर ‘बहुजन’ या शब्दातले काही जन मागं राहिले. साखर कारखान्याचा सभासद व्हायचं तर ऊस लागतो, उसाला जमीन लागते, जमिनीला पाणी लागतं. ज्याला यांतलं काहीच नाही, त्याच्या वाट्याला सहकार आला तो मजुरी म्हणून. तात्यासाहेब कोऱ्यांनी वारणेकाठच्या माळावर साखर कारखान्यापासून जे जे उभं केलं त्याला कमी लेखायचं कारण नाही. पंचक्रोशीतल्या भूमिहीनालाही त्याची फळं नोकरीच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या रूपानं मिळाली. तरीही सहकाराला आपण ‘सहकारी चळवळ’ म्हणतो, तेव्हा ती कुणाची चळवळ, हे विचारायला हरकत नसावी.

त्याच वारणेच्या पाण्याची दुसरी बाजू वर चांदोलीला आहे. धरणात आणि अभयारण्यात गावं गेली. ती माणसं खाली लाभक्षेत्रात आली, आणि ज्यांना पाणी मिळालं त्यांच्या शेजारी, ज्यांनी पाण्यासाठी गाव सोडलं ते जमिनीच्या ताब्यासाठी खेटे घालत राहिले. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी दक्षिण महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांनी घासून घासून सरकारच्या कानी घातली. पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ पासून होता. कायदा असूनही प्रत्येक प्लॉट, प्रत्येक नागरी सुविधा, नळाची प्रत्येक तोटी ठिय्या मारून घ्यावी लागली.

नदीच्या पलीकडं वाटेगाव. अण्णाभाऊ साठे तिथले, १९२० सालचे. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, म्हणून इथं एकच मुद्दा. मांग, रामोशी, बेरड अशा जमातींच्या माणसांना पोलीस पाटलाकडं हजेरी द्यावी लागे. गावात चोरी झाली की पहिला हात त्यांच्या मानगुटीवर. शाहूंनी आपल्या संस्थानात ती हजेरी बंद केली. बाहेर मात्र गुन्हेगार जमातींचा १८७१ पासूनचा कायदा देशभरातून जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. ‘फकिरा’ लिहिणाऱ्या माणसानं सरकारी दप्तरातला गुन्हेगार उचलून कादंबरीचा नायक केला. दप्तरातली नोंद खोडण्याची ही एक रीत झाली, आणि ती कुठल्याही ठरावापेक्षा जास्त घरांत पोचली. पण मांग समाजाला आंबेडकरी चळवळीत आपली जागा शोधायला किती वेळ लागला आणि महारवाडा-मांगवाड्यातली जुनी अढी अजून किती ठिकाणी आहे, हेही लपवण्यात अर्थ नाही. वंचितांतही पायऱ्या असतात. खालच्या पायरीवरचा माणूस वरच्याला जे सुनावतो, ते चळवळीतल्या चळवळीनं ऐकून घेतलंच पाहिजे.

बायकांबाबत तर हे ठळकच आहे. गडहिंग्लज भागात १९७० च्या दशकात बाबा आढाव, विठ्ठल बन्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवदासींना संघटित केलं. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ चा. चाळीस वर्षांनीही सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडल्या जातच होत्या. जट झालेली पोर म्हणजे देवीचं बोलावणं, असं घरचेच म्हणत. या बायकांनी संघटना झाल्यावर मागितलं काय? पेन्शन, घर, रेशनकार्ड, आणि शाळेत पोराचं नाव घालताना बापाचं नाव विचारू नका. सुधारकांच्या भाषणांत ‘उद्धार’ हा शब्द फार येतो. या मागण्यांच्या यादीत तो नाही. शाळेच्या अर्जातल्या एका रकान्यापाशी रोज होणारा अपमान त्यांनी ओळखला होता.

अलीकडचं उदाहरण शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचं. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी मांडलेली विधवा प्रथाबंदीची कल्पना कोरोनात घरंच्या घरं उघडी पडल्यावर लोकांच्या मनाला भिडली. हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक धाडलं. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर घेतलं. पण मयताच्या घरी परिपत्रक हजर नसतं. तिथं असतात चुलत सासू, नणंदा, भावकीतल्या चार म्हाताऱ्या, आणि त्यांच्यातली एक, जिच्या स्वतःच्या बांगड्या तीस वर्षांपूर्वी अशाच फोडल्या होत्या, पुढं होते. तिचा हात कुणी धरायचा? ग्रामसेवक धरणार नाही. धरला तर थोरली सून धरेल, किंवा ती बाई स्वतः हात मागं घेईल. जिथं बचत गटाच्या बायका एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहतात तिथं हे होण्याला बळ मिळतं. जिथं बाई एकटी असते तिथं ठराव भिंतीवर आणि कपाळ मोकळं.

आता जातीच्या दाखल्यांकडं वळतो, कारण कोडोलीसारख्या गावात वसुलीचं सगळ्यात किचकट काम तिथंच आहे. अशी एक भाऊकी डोळ्यांपुढं आणा, जिचा पूर्वज एक, वतन एक, विहिरीवर मिळालेली वागणूकही एक. एका शाखेनं शंभर वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. दुसरी हिंदू महार म्हणून राहिली आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर बौद्ध झाली. घटनेखालच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानं म्हटलं: हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचा मानायचं नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्धांना महाराष्ट्रानं १९६० पासून आपल्या पातळीवर सवलती दिल्या, पण केंद्राच्या आदेशात त्यांना यायला १९९० उजाडलं. तोवर तीस-पस्तीस वर्षं निवेदनं, सत्याग्रह, तुरुंग. ख्रिस्ती शाखा अजून बाहेरच आहे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मद्रासच्या सूसै नावाच्या चर्मकाराची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही जातीचे तेच चटके बसतात, हे पुराव्यानं दाखवा, असं न्यायालयाचं म्हणणं. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढावी असं सुचवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला.

तहसील कचेरीच्या खिडकीपाशी याचा अर्थ असा होतो. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. मुलगा पणजोबाच्या शाळेचा उतारा काढतो. एका शाखेच्या उताऱ्यावर ‘हिंदू महार’ लिहिलेलं, दुसरीच्या उताऱ्यावर ‘ख्रिश्चन’. पणजोबांना मिशनच्या शाळेनं अक्षर दिलं, त्याच शाळेच्या रजिस्टरनं पणतवाचा रकाना ठरवला. ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग जातीची सवलत कशाला, हा युक्तिवाद कागदावर बिनतोड दिसतो. गावात मात्र वस्ती बदललेली नसते, आडनाव बदललेलं नसतं, आणि सोयरीक जुळवताना चर्चच्या मंडळीतही कोण कुठल्या वाड्यातला हे बघितलं जातच नाही असं छातीठोकपणे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

या पुस्तकाचा वाचक बहुधा याच भागातला असेल. महाराजांचे हुकूम छापून निघाले आहेत, कायदे ग्रंथालयात आहेत. छापून निघाले नाहीत ते अर्ज: ज्यांवर हुकूम निघाले ते, आणि ज्यांवर कधीच निघाले नाहीत ते. ते घराघरांत ट्रंकेच्या तळाशी असतात. नजराणा भरल्याच्या पावत्या, बाप्तिस्म्याचे दाखले, धरणग्रस्ताची पासबुकं, देवदासींच्या मोर्चाची सायक्लोस्टाइल पत्रकं, संस्थानी मोडीतला एखादा कागद. मोडी वाचणारी माणसं कोल्हापुरात अजून आहेत. कागद रद्दीत घालण्याआधी त्यांच्याकडं न्यावा, एक झेरॉक्स गावच्या वाचनालयात ठेवावी, आणि त्यामागं कागद कुणाचा, कुणाकडून मिळाला, हे तारखेसह लिहावं.